गल्लीतल्या बारला ‘ऐतिहासिक’ का म्हणतात? शिकागोच्या ब्लूजचा हिशेब

२०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा त्याचे मुख्य आकर्षण होते शिकागोचे गिटारवादक बडी गाय. (नाव देवनागरीत लिहिले की भलतेच दिसते, पण त्याला इलाज नाही.) त्यांच्यासारख्या कलाकारांची ओळख करून देताना चेकरबोर्ड लाउंज, थेरेसाज अशी शिकागोतल्या काही बारची नावे हमखास येतात आणि त्यांच्यामागे ‘ऐतिहासिक’ हे विशेषण लावलेले असते. मराठी वाचक इथे अडखळतो. आपल्याकडे बार म्हटले की काळ्या काचा, परमिट रूमची पाटी आणि अधूनमधून पडणारी पोलिसांची धाड आठवते. गल्लीच्या कोपऱ्यावरचा दारूचा अड्डा ऐतिहासिक कसा होतो, आणि तो इतका मोलाचा होता तर बंद कसा पडला, हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे समजून घ्यायची तर आधी गाण्याकडे, मग रेल्वेकडे आणि शेवटी घरभाड्याकडे पाहावे लागते.

आधी गाणे: ब्लूज म्हणजे काय

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय शेतमजुरांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलेला गायनप्रकार आहे. त्याचे कडवे बहुधा तीन ओळींचे असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. नमुन्यादाखल मीच एक कडवे रचून दाखवतो:

भाडे थकले, मालक दारात उभा;
अहो, भाडे थकले, मालक दारात उभा;
मागच्या दाराने निघालो, तर तिथे त्याचा भाऊ उभा.

दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणताना गाणाऱ्याला पुढची ओळ सुचायला उसंत मिळते आणि ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणली जाते. दुःख सांगता सांगता तिसऱ्या ओळीला हशा पिकवणे हे या गाण्याचे खास अंग आहे, त्यामुळे ‘ब्लूज म्हणजे रडगाणे’ ही समजूत अर्धीच खरी आहे.

या कडव्याखाली जो ठेका वाजतो त्याला ‘ट्वेल्व्ह बार ब्लूज’ म्हणतात. त्यातल्या ‘बार’चा दारूशी काही संबंध नाही, पाश्चात्त्य संगीतात मात्रांच्या एका खंडाला बार म्हणतात. चार मात्रांचा एक, असे बारा खंड मिळून अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन होते. त्यात साथीचा स्वरसमूह कुठल्या स्वरावर उभा असेल हे साधारणपणे ठरलेले असते: पहिले चार खंड षड्जावर, दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. गळ्यातला गंधार मात्र कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, तो दोहोंच्या मध्ये कुठेतरी डोलत राहतो. पियानोच्या पट्ट्यांवर तो सापडत नाही. गिटारची तार बोटाने ओढून तो काढावा लागतो, आणि आपल्या कानाला तो मींडेसारखा ओळखीचा वाटतो.

हा तपशील दिला तो एका कारणासाठी. तीनताल अंगात मुरलेला तबलजी जसा अनोळखी गवयाच्या साथीलाही बसू शकतो, तसे हे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन ज्याला ठाऊक आहे तो कोणत्याही ब्लूज मंडळीत तालमीशिवाय शिरू शकतो. पुढे बारमध्ये जे घडले ते या सोयीमुळे घडले.

गाव सुटले, गाणे बरोबर आले

मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या मळ्यांवर गुलामगिरी संपल्यानंतरही बटाईची शेती होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, आणि वर्षाअखेरीस हिशेब मालकाच्या वहीत. शनिवारी रात्री ही माणसे ‘ज्यूक जॉइंट’मध्ये जमत, म्हणजे शेताच्या कडेला किंवा रस्त्याच्या वळणावर असलेल्या एखाद्या लाकडी खोपट्यात, जिथे तळलेली मासळी, गावठी दारू, नाच आणि एक गिटारवाला असे.

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. मिसिसिपीहून थेट शिकागोला जाणारी इलिनॉय सेंट्रल रेल्वे होती, त्यामुळे तिथल्या लोकांनी शिकागो गाठले. शिकागोतील कृष्णवर्णीय वस्ती १९१० साली जेमतेम ४४ हजार होती. १९४० साली ती २ लाख ७८ हजारांच्या घरात गेली आणि १९६० साली ८ लाखांच्या वर. कोकणातून आणि देशावरून गिरणगावात आलेल्या माणसांनी जशी आपली नमने, भजने आणि शाहिरी बरोबर आणली, तशीच ही मंडळी आपले गाणे घेऊन आली. गायक-गिटारवादक मडी वॉटर्स हा त्यांच्यातलाच एक. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीते गोळा करणाऱ्यांनी त्याचे गाणे तिथेच ध्वनिमुद्रित केले, आणि १९४३ साली तो शिकागोला येऊन कागदाच्या कारखान्यात कामाला लागला.

शहरात जागा मात्र हवी तिथे मिळत नसे. घरांच्या खरेदीखतातच ‘हे घर कृष्णवर्णीयाला विकणार वा भाड्याने देणार नाही’ अशी अट घातलेली असे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असा निकाल दिला, तरी व्यवहारात त्या पुढेही पाळल्या जात होत्या. परिणामी लाखो माणसे शहराच्या दक्षिण भागातल्या एका अरुंद पट्ट्यात, ज्याला ब्रॉन्झव्हिल म्हणतात, दाटीवाटीने राहू लागली. मोठ्या घरांचे तुकडे पाडून एकेका खोलीत एकेक कुटुंब, आणि मजल्यावर सर्वांना मिळून एक न्हाणीघर. चाळीत वाढलेल्या माणसाला याचे वेगळे वर्णन करून सांगायला नको.

अशा खोलीत पाहुणा बसवायला जागा नसते, मग माणूस कोपऱ्यावरच्या बारमध्ये जातो. कत्तलखान्यात किंवा पोलादाच्या कारखान्यात पाळी संपवून आलेल्या माणसाची तीच दिवाणखान्याची जागा.

गोंगाटाने वाद्य बदलले

गावच्या खोपट्यात एकटा गिटारवाला पुरत असे. शिकागोच्या बारमध्ये शंभर माणसे एकाच वेळी बोलत, पेले आपटत, आणि बाहेरून गाड्यांचा आवाज येई. लाकडी गिटार तिथे कोणाला ऐकू जाणार? मडी वॉटर्सने १९४०च्या दशकाच्या मध्यावर विजेवर चालणारी गिटार हातात घेतली ती या अडचणीपोटी. मग आवाज वाढवला तर तो फाटतो, आणि फाटलेला आवाज ऐकता ऐकता लोकांना तोच आवडू लागतो, असे पुढे झाले.

लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गनचे काय केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्याने एक साधा मायक्रोफोन आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकत्र ओंजळीत धरले. ओंजळ घट्ट मिटली की हवा कोंडून आवाज सॅक्सोफोनसारखा जाडजूड येई, आणि बोटे जराशी उघडली की तोच आवाज टोकदार होई. खिशात मावणारे, जत्रेतल्या खेळण्यासारखे वाद्य अशा रीतीने पुऱ्या मंडळीचे पुढारपण करू लागले. १९५२ साली त्याने वाजवलेली, शब्दांशिवायची एक धून कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. आज जगभर ज्याला शिकागो ब्लूज म्हणतात, आणि ज्याच्यावर पुढे इंग्लंडमधल्या रॉक मंडळींनी आपला संसार थाटला, त्याचा नाद असा बारच्या गोंगाटाशी झगडून घडला आहे.

बार चालायचा कसा

आता त्या बारमध्येच जाऊ. इंडियाना अव्हेन्यू आणि अठ्ठेचाळिसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर एका इमारतीच्या तळघरात १९४९ साली थेरेसा नीडहॅम या बाईंनी बार उघडला. त्या मूळच्या मिसिसिपीच्याच. फुटपाथवरून काही पायऱ्या उतरून खाली जायचे, छत डोक्याला लागेल की काय इतके बुटके, आणि वाजवणारी मंडळी ऐकणाऱ्यांच्या पातळीवरच उभी. १९८३ साली भाडेपट्टा संपून जागा सोडावी लागेपर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, थेरेसाज त्याच तळघरात होता.

अशा बारमध्ये एक ‘हाउस बँड’ असतो, म्हणजे ठरावीक रात्री वाजवण्यासाठी मालकाने बांधून ठेवलेली मंडळी. थेरेसाजमध्ये बरीच वर्षे ही धुरा माउथ ऑर्गनवादक ज्युनियर वेल्सकडे होती आणि बडी गाय त्याच्या सोबतीला असत. मालकिणीची कमाई दारूच्या विक्रीतून होई, गाण्यातून थेट नव्हे. म्हणून मंडळी काही वेळ वाजवून थांबत. लोक गाण्यात रंगले की नवा पेला मागवायचे विसरतात, हे मालकिणीला पक्के ठाऊक असते. गाणे गिऱ्हाईक बसवून ठेवण्यापुरते चांगले हवे, पण धंदा बुडेल इतके चांगले नको, असा हा नाजूक तराजू.

मंडळी बांधलेली असली तरी दार बंद नसे. रात्री कोणीही ओळखीचा वाजवणारा आला की त्याला बोलावून दोन गाणी वाजवायला लावत; याला ‘सिट-इन’ म्हणतात. बारा खंडांचे आवर्तन सर्वांना तोंडपाठ, त्यामुळे फक्त पट्टी सांगायची आणि सुरू करायचे. कोकणात डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना जशी टक्कर देतात, तसेच सामने शिकागोत होत. तरुण मडी वॉटर्स, लिटल वॉल्टर आणि गिटारवादक जिमी रॉजर्स बारमागून बार पालथे घालत आणि तिथल्या मंडळीला वाजवण्यात हरवून पुढे जात. त्यांना ‘हेडहंटर्स’ म्हणजे मुंडकी उडवणारे असे नावच पडले होते.

बडी गाय १९५७ साली लुईझियानाहून शिकागोला आले तेव्हा खिसा रिकामा होता. सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरच्या ७०८ क्लबमध्ये ते वाजवत असताना मडी वॉटर्स मुद्दाम ऐकायला आला आणि पोरगा उपाशी आहे हे कळल्यावर त्याने आपल्या गाडीत बसवून त्याला सलामीचे सँडविच खायला घातले, ही आठवण बडी गाय यांनी आयुष्यभर सांगितली आहे. गिटारला भलीलांब वायर जोडून वाजवत वाजवत श्रोत्यांमधून दाराबाहेर रस्त्यावर जाण्याची त्यांची खोडही त्याच काळातली. आत मंडळी वाजवते आहे आणि गिटारवाला फुटपाथवर उभा आहे, हे पाहून रस्त्यावरचा माणूस आत न येता तरच नवल. आणि हेच बडी गाय १९६०च्या दशकात बराच काळ दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवत, कारण बारमधल्या वाजवण्यावर घर चालत नसे.

‘दारूच्या गुत्त्याला वारसा कसला?’

हा आक्षेप सोवळेपणाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही, पण त्याला उत्तर आहे. जिथे गाणे शिकवायला शाळा नाही, मोठ्या सभागृहांत प्रवेश नाही आणि वादकांची संघटनासुद्धा गोऱ्यांची वेगळी व काळ्यांची वेगळी आहे (शिकागोतील या दोन संघटना १९६६ साली एक झाल्या), तिथे बार हीच तालीम, तीच परीक्षा आणि तीच नोकरीची जागा असते. आपल्याकडेही बैठकीची लावणी ज्या संगीतबाऱ्यांमध्ये टिकली त्यांच्याकडे पांढरपेशांनी नाक मुरडले होतेच.

शिवाय ध्वनिमुद्रणाचा धंदाही बारमधूनच निघाला. पोलंडहून आलेल्या चेस बंधूंचा शिकागोच्या दक्षिण भागात मकोम्बा लाउंज नावाचा बार होता. आपल्याच बारमधल्या कलाकारांना बाहेर मागणी आहे हे पाहून लेनर्ड चेस १९४७ साली एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत शिरला आणि १९५० साली त्या कंपनीचे नाव ‘चेस’ झाले. पुढे १९७१ साली ब्रूस इग्लॉअर या तरुणाने फ्लॉरेन्सेस नावाच्या बारमध्ये रविवारी दुपारी वाजवणाऱ्या हाउंड डॉग टेलरची रेकॉर्ड काढायची म्हणून स्वतःची कंपनी उभी केली, ती अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स. ही कंपनी चालवायला घेताना त्याच्यासमोर बाजारपेठेचा अहवाल नव्हता. रविवार दुपारचे ते गिऱ्हाईक होते.

‘पण हे सगळे दारिद्र्याचे उदात्तीकरण नाही का?’

होऊ शकते, आणि पुष्कळदा होते. बारमध्ये मारामाऱ्या होत, मोबदला तुटपुंजा असे, आणि रेकॉर्ड कंपन्यांनी मानधनाच्या हिशेबात कलाकारांना नाडल्याचे खटले पुढे न्यायालयात गेले. ज्या दाटीमुळे बार भरत होता ती दाटी अन्यायातून आली होती, हे तर वर आलेच आहे. तेव्हा ‘ते सोन्याचे दिवस परत आणा’ असे म्हणणाऱ्याने आपण नेमके काय परत मागतो आहोत याचा विचार करावा. मला इथे एवढेच म्हणायचे आहे की कलेला जन्म देणारी परिस्थिती चांगली होती असे न म्हणताही त्या परिस्थितीचा हिशेब नीट मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय बार का संपले हे कळत नाही.

१९८१ची ती रात्र

१९७२ साली बडी गाय आणि त्यांचे भागीदार एल. सी. थर्मन यांनी ४२३ ईस्ट त्रेचाळिसावा रस्ता या पत्त्यावर चेकरबोर्ड लाउंज सुरू केला. लांबट खोली, एका टोकाला रंगमंच, ओळीने मांडलेली टेबले. २२ नोव्हेंबर १९८१ रोजी तिथे मडी वॉटर्सचा कार्यक्रम होता. अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेली इंग्लंडची रोलिंग स्टोन्स मंडळी शहरात होती. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि रॉन वूड त्या रात्री बारमध्ये आले आणि मडी वॉटर्सने बोलावल्यावर एकेक करून रंगमंचावर चढले. या मंडळीने आपले नावच मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतले होते. चित्रीकरणात दिसते की लाल ट्रॅकसूट घातलेला जॅगर, ज्याच्यासाठी क्रीडागारे भरत, इथे एका म्हाताऱ्या गायकाकडे बघत आपली ओळ कधी येते याची वाट पाहतो आहे. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, एप्रिल १९८३ मध्ये, मडी वॉटर्स वारला.

त्या चित्रफितीमुळे चेकरबोर्ड जगाला माहीत झाला. गंमत अशी की तोवर शेजारपाजारचा असा बार दुर्मीळ होत चालला होता.

गिऱ्हाईक गेले कुठे

बार तीन गोष्टींवर उभा होता: दाट वस्ती, आठवड्याच्या पगाराचा पैसा आणि चालत येण्याच्या अंतरावर राहणारे वादक. तिन्ही एकामागून एक सरकले.

शिकागोचा अवाढव्य कत्तलखाना १९७१ साली बंद झाला. विस्कॉन्सिन स्टील १९८० साली आणि यू. एस. स्टीलचा साउथ वर्क्स कारखाना १९९२ साली बंद झाला. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खानावळींचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसरीकडे जुनी घरे पाडून महामार्ग आणि सरकारी गृहसंकुले उभी राहिली. १९६२ साली पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर होम्समध्ये सोळा मजली २८ इमारती ओळीने होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानांचे आणि बारचे रस्ते अशा बांधकामांनी पुसले गेले, आणि पुढे १९९८ ते २००७ या काळात ही संकुलेही पाडण्यात आली, म्हणजे वस्ती दुसऱ्यांदा पांगली. घरांमधला वंशभेद १९६८च्या कायद्याने बेकायदा ठरला, तेव्हा ज्यांच्याकडे थोडा पैसा होता त्यांनी चांगली घरे शोधली. त्यांनी तसे केले यात काही चुकले असे कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट ब्लूजचे चाहते सहसा मोठ्याने बोलत नाहीत. तरुण कृष्णवर्णीय पिढीने साठच्या दशकातच सोल या नव्या, लोकप्रिय संगीतप्रकाराकडे तोंड वळवले होते. त्यांना ब्लूज म्हणजे बापजाद्यांच्या कापसाच्या शेताची आठवण वाटे. त्याच सुमारास गोरे विद्यार्थी दक्षिण भागातल्या बारमध्ये येऊ लागले, आणि मग त्यांच्या सोयीचे बार शहराच्या उत्तर भागात निघाले. किंग्स्टन माइन्स १९६८ साली सुरू झाला. वादकांना तिथे पैसे बरे मिळत, म्हणून तेही तिकडे गेले.

त्यात परवान्याची भानगड. दारूचा परवाना परवानाधारक आणि पत्ता यांना बांधलेला असतो. मालक गेला की मुलाला तो आपोआप मिळत नाही. इलिनॉय राज्यात तर एखाद्या मतदान विभागातले, म्हणजे जेमतेम काही गल्ल्यांमधले, मतदार मतदान करून आपल्या विभागात दारूबंदी आणू शकतात. आपल्याकडच्या ‘आडवी बाटली’सारखाच हा प्रकार आहे, आणि तिथेही त्यामागे शेजाऱ्यांच्या खऱ्या तक्रारी असतात: रात्रीचा आवाज, रस्त्यावरची भांडणे. ऐतिहासिक बारच्या वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला तो ऐतिहासिक वाटतोच असे नाही.

नाव हलवले तर बार हलतो का

२००३ साली इमारत धोकादायक झाल्याने चेकरबोर्ड लाउंज बंद झाला. शिकागो विद्यापीठाने पुढाकार घेऊन थर्मन यांना हाइड पार्क भागात नवी जागा मिळवून दिली आणि २००५ साली तिथे नवा चेकरबोर्ड उघडला. जुन्या पत्त्यापासून ही जागा तीनेक किलोमीटरवर. मालक तोच, नाव तेच, वाजवणारेही बरेचसे तेच. तरी ब्रॉन्झव्हिलमधल्या लोकांनी याला विरोध केला. आमच्या वस्तीचा पुनर्विकास ज्या नावावर करायचा, ते नावच विद्यापीठाने उचलून आपल्या दारात नेले, असे त्यांचे म्हणणे होते.

बाहेरच्याला हा वाद किरकोळ वाटेल. पण नवी जागा वाहनतळ असलेल्या, विद्यार्थ्यांच्या वर्दळीच्या बाजारसंकुलात होती. जुन्या बारमध्ये गिऱ्हाईक पायी येई, इथे ते गाडीने येई. त्यामुळे भाडे, दर, वेळा आणि गाण्यांची निवड हे सारे बदलते. पायी येणारा माणूस मंगळवारीही येतो आणि एका पेल्यावर तीन तास बसतो. गाडीने येणारा शनिवारी येतो आणि ओळखीची चार गाणी मागतो. वाजवणाऱ्याने मंगळवारी काही नवे करून पाहण्याची, चुकण्याची जी मुभा होती ती शनिवारच्या गर्दीपुढे राहत नाही. थर्मन यांची बाजूही समजण्यासारखी आहे; छत कोसळायला आलेल्या जागेत त्यांनी कशाची वाट पाहायची होती? हा दुसरा चेकरबोर्डही २०१५ साली बंद झाला.

‘मग कायद्याने संरक्षण का देत नाहीत?’

शिकागोचा वारसा कायदा इमारत वाचवतो. इमारतीत काय चालावे हे तो सांगत नाही. लेक पार्क अव्हेन्यूवरचे मडी वॉटर्सचे विटांचे घर, ज्याच्या तळघरात तालमी चालत, २०२१ साली संरक्षित वास्तू ठरले, आणि ते योग्यच झाले. त्रेचाळिसाव्या रस्त्यालाही मडी वॉटर्सचे सन्माननाम दिलेले आहे. पण बार ही भाड्याची जागा असते आणि बारचा मोठेपणा भिंतींमध्ये नसतो, तेव्हा या कायद्याची पकड तिथे बसत नाही.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१५ साली वेगळा मार्ग धरला. तिथे ३० वर्षे जुन्या, परिसराशी नाते असलेल्या धंद्यांची ‘वारसा व्यवसाय’ म्हणून नोंद होते, आणि धंद्याला तसेच त्याला लांब मुदतीचा भाडेपट्टा देणाऱ्या जागामालकालाही अनुदान मिळण्याची तरतूद आहे. मला हा उपाय अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण तो भिंतीऐवजी भाड्याला हात घालतो. बहुतेक बार भाड्यानेच मारले आहेत. तरीही वस्ती पांगली असेल तर अनुदानाने गिऱ्हाईक तयार होत नाही.

बडी गाय यांनी स्वतःपुरते उत्तर १९८९ सालीच काढले. शिकागोच्या मध्यभागी त्यांनी ‘बडी गाइज लेजंड्स’ सुरू केला, आणि भाड्याच्या जागेत काय होते हे पुरते भोगून झालेले असल्याने २०१० साली तो जवळच स्वतःच्या मालकीच्या इमारतीत नेला. दर जानेवारीत ते स्वतः तिथे गात. मोठा, नीटनेटका, पर्यटकांनी भरलेला बार. वाजवणाऱ्यांना वेळेवर पैसे देणारा. त्याला कोपऱ्यावरचा बार कोणी म्हणणार नाही, तेही म्हणत नसत.

कोपऱ्यावरचा बार ऐकायचा असेल तर ज्युनियर वेल्सचे थेरेसाजमधले १९७५ सालचे ध्वनिमुद्रण आहे. रेडिओसाठी केलेले हे मुद्रण २००६ साली डेलमार्क कंपनीने बाजारात आणले. त्यात गाण्यांच्या मध्ये वेल्स समोरच्या माणसांशी बराच वेळ बोलत राहतो, त्यांची थट्टा करतो, आणि ती माणसेही त्याला जागच्या जागी उत्तर देतात. कंपनीने ते बोलणे कापून टाकलेले नाही.